डब्याच्या दारातल्या टोपल्या

आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की आमच्या पांढुर्ण्याची हवाच बदलते. दिवाळी होऊन गेलेली असते, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि मंडईकडून स्टेशनाच्या रस्त्यापर्यंत एक आंबटगोड वास पसरलेला असतो. त्यात ओल्या गवताचा वास, फुटलेल्या फळाचा वास आणि बांबूच्या ताज्या कामट्यांचाही. बाहेरगावचा माणूस गाडीतून उतरतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "वा!" मला मात्र त्या वासानं दरवर्षी मळमळतं. डॉक्टर म्हणतात, पित्त. मीही त्यांना खोटं पाडत नाही, या वयात डॉक्टरशी वैर कशाला?

यंदा त्यात भर म्हणून स्टेशनाचा उत्सव निघाला. इंग्रजांच्या वेळचं स्टेशन, त्याला नवा रंग दिला, दिव्यांच्या माळा सोडल्या, फोटो काढायला माणसाएवढं थर्माकोलचं संत्रं ठेवलं. दोन पोरं मला बोलवायला घरी आली. चांगली पोरं, वाकून पाया पडली. "दादीजी, आप तो यहाँ की सबसे पुरानी हैं. स्टेशन की कोई पुरानी याद सुना दीजिए." मी नको म्हटलं, तशी माझी नात मधे पडली. "आजी, सांग ना वं. नाही काहून म्हणून राहिली?" मी म्हटलं, "कडू आहे. चालते काय?" पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते.

गावात मैदान नव्हतं असं नाही. पण मोठं काही घडायचं झालं की ते स्टेशनावरच घडायचं. नागपूरचं वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं यायचं आणि गठ्ठ्याची दोरी सुटायच्या आत त्यावर वाद सुरू व्हायचा. नवरदेव तिथंच उतरायचा, नवी सून तिथंच उतरायची, कीर्तनकारबुवा आणि कापसाचे दलालही तिथंच. पुढारी तेवढे उतरत नसत. ते डब्याच्या दारात उभे राहून भाषण करायचे. तिकडे इंजिन पाणी पीत असायचं आणि इकडे पुढारी देशाबद्दल बोलत असायचे. इंजिनाचं पोट भरलं की देशही आटोपायचा. तरी आम्ही टाळ्या वाजवायचो, कारण गाडी थांबवून कोणी आपल्याशी बोललं याचंच अप्रूप मोठं होतं.

स्वातंत्र्यही आमच्याकडे गाडीनंच आलं, असंच मला अजून वाटतं. माझे वडील, म्हणजे बाबा, गावच्या मराठी शाळेत मास्तर. त्यांनी सगळी शाळा रांगेनं फलाटावर नेली. मी तिसरीत असेन. इंजिनाला झेंडा लावलेली गाडी आली, तेव्हा नागपूरपासून खाल्लेल्या धुरानं झेंडा काळपट पडला होता. लोक त्याला हात लावून तो हात कपाळाला लावत होते आणि सगळ्यांची कपाळं काजळीनं माखली होती. बाबांच्याही कपाळावर काळा पट्टा. एरवी पोरांच्या नखातला मळ शोधणारा हा माणूस, त्या दिवशी घरी आला तरी तोंड धुवायला तयार नव्हता.

मग थंडीत निर्वासितांच्या गाड्या आल्या. त्या गाड्यांमधून गाणी येत नव्हती. गावानं भाकरी थापल्या, झुणका केला, संत्र्यांचे ढीग आणून टाकले. पण गाडी थांबणार किती वेळ, आणि डबे किती! तेव्हा हमालांचा म्होरक्या किसन मुकादम पुढे झाला. संत्र्यांच्या हंगामात त्यांची एक पद्धत असते. गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात शेकड्यानं टोपल्या डब्यात चढवायच्या असतात. म्हणून हमाल एका रांगेत उभे राहतात आणि टोपली हातोहात पुढे जाते. कोणी मान वळवून पाहत नाही, कोणी काही विचारत नाही. एकदा 'लाव हात' म्हटलं की ढीग संपेपर्यंत रांग थांबत नाही, कारण मधे एकजण थांबला तर मागची टोपली त्याच्या छातीवर येते. त्या दिवशी त्याच रांगेतून भाकरी गेल्या. रांगेत हमाल होते, ब्राह्मण होते, दुकानदार होते, माझे बाबाही होते. एका खिडकीतल्या बाईनं संत्रं घेतलं आणि सोलायच्या भानगडीत न पडता सालीसकट खाल्लं. ती बाई मला अजून दिसते.

तेव्हापासून गावाला खोड लागली. चांगलीच खोड म्हणायची. गाडीतून कोणी मोठा माणूस जायचा असला की त्याच्या डब्यात संत्र्यांची टोपली गेलीच पाहिजे. "पांढुर्ण्याहून कोणी खाली हातानं जात नाही," असं आमचे लोक नागपूरला जाऊन छाती फुगवून सांगायचे. खरं होतं ते. मुख्यमंत्र्यापासून बदली होऊन चाललेल्या फौजदारापर्यंत सगळ्यांनी आमची संत्री खाल्ली. साली आमच्याच रुळांवर टाकल्या आणि पुढे गेले.

छप्पनच्या आधीचा तो हंगाम. राज्यांचे नकाशे नव्यानं आखले जात होते. तोवर आमची राजधानी नागपूर. सकाळी गाडीत बसलं की जेवायला नागपुरात. कोर्ट नागपूरला, दवाखाना नागपूरला, लग्नाचा शालू नागपूरचा, सोयरिकी नागपूर-काटोल-नरखेडकडच्या. आता वर्तमानपत्रात येऊ लागलं की नागपूर एकीकडे जाणार आणि आमचा छिंदवाडा जिल्हा दुसरीकडे. जिल्हा हिंदी बोलतो म्हणे. बोलत असेल, वरचा. पण जिल्ह्याच्या खालच्या टोकाला, सौंसर आणि पांढुर्ण्यात, मांजरालासुद्धा मराठीत हाकलतात, हे नकाशा काढणाऱ्यांना कोण सांगणार?

यात माझंही एक घोडं अडलेलं होतं. मी तेव्हा नागपुरात मावशीकडे राहून सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या गावात बाईडॉक्टर नव्हती. बायका लाजेपायी दुखणं अंगावर काढायच्या. माझी काकू तशीच गेली, हाकेच्या अंतरावर दवाखाना असून. 'पुरुषाले काय दाखवू?' एवढंच म्हणत गेली. तिच्या मयतीवरून परत येताना मी ठरवलं होतं आणि बाबांनी मान्य केलं होतं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. पण नागपूरच्या मेडिकलच्या जागा राज्यातल्या मुलामुलींसाठी. जिल्हा राज्याबाहेर गेला की मीही बाहेर. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा बाबांनी हे मला जेवताना समजावून सांगितलं आणि मग स्वतःच्या ताटातला भात नुसता कालवत बसले.

त्याच आठवड्यात खबर आली की दिल्लीचे एक मोठे साहेब नागपूरहून परत जाताना आपल्या स्टेशनावरून जाणार, आणि इंजिन पाणी घेईल तेवढा वेळ गाडी थांबणार. नाव सांगत नाही, सांगून आता काय उपयोग? त्यांचा शब्द वर चालत होता एवढं खरं. शाळेत बैठक भरली. सौंसरचे वकीलसाहेब आले, कारण तहसील सौंसरची. पांढुर्ण्याचे शेठ आले, कारण स्टेशन पांढुर्ण्याचं. निवेदन द्यायचं यावर एकमत, पण ते बोलणार कोण यावर दोघंही अडून बसले. वकील म्हणाले, कायदा मला कळतो. शेठ म्हणाले, साहेब माझ्या गावात येऊन राहिले. शेवटी कोणीतरी माझं नाव काढलं. मास्तरांची पोरगी, आवाज खणखणीत, कॉलेजात शिकते, साहेबांच्या मनावर परिणाम होईल. परिणामाचं राहू द्या. दोघांपैकी कोणी मोठा होऊ नये म्हणून मुलगी पुढे केली, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग भाषेवरून जुंपली. वकील म्हणाले, "गुरुजी, साहेबाले मराठी कोठून समजन? हिंदीत लिहा न जी."

बाबांचा आवाज सहसा चढत नसे, तो चढला. "वकीलसाहेब, आपण मराठी आहो हे सांगाले जाऊन राहिलो, अन् ते हिंदीत सांगाव काय?"

वकिलांनी कागद बाबांकडे सरकवला. बाबांनी तीनच वाक्यं लिहून दिली. आमची भाषा मराठी आहे. आमची पेठ, आमच्या सोयरिकी, आमच्या लेकींचं शिक्षण नागपूरला आहे. आम्हाला नागपूरपासून तोडू नका. मी ती तुळशीला पाणी घालताना म्हटली, तांदूळ निवडताना म्हटली, विहिरीवर म्हटली. तिसऱ्या वाक्याला रडू यायचं. बाबा म्हणायचे, "रडजो नको बेटा. आपण हक्क मांगून राहिलो, भीक नाही."

इकडे संत्र्यांचं वेगळंच चाललं होतं. ठरलं होतं की साहेबांना एक टोपली द्यायची. सौंसर म्हणालं, टोपली आमची. पांढुर्णा म्हणालं, आमच्या फलाटावर तुमची टोपली कशी? बरं, मग एकेक. मग कुणकुण लागली की सौंसरवाले दोन आणून राहिले. शेठनी चार भरायला सांगितल्या. हे ऐकून सौंसरजवळच्या लोधीखेड्याची मंडळी "आम्ही काय मेलो काय?" म्हणत बैलगाडी भरूनच निघाली. गाडी यायच्या दिवशी सकाळी फलाटावर जाऊन पाहते तो हा एवढा ढिगारा! पिवळीधमक संत्री, वर हिरव्या पानांचे झुबके, टोपल्यांना रंगीत कागद. त्या ढिगाशेजारी मी आईचं जरीकाठी लुगडं नेसून उभी. ताशे वाजत होते. मी तिन्ही वाक्यं मनातल्या मनात घोकत होते.

गाडी आली. साहेबांचा डबा अगदी शेवटचा. दार उघडलं आणि साहेब हात जोडून उभे राहिले. चष्मा लावलेले, दमलेले, पण चेहरा भला. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल." मी पाऊल टाकलं तेवढ्यात वकील आणि शेठ दोन बाजूंनी एकदम पुढे घुसले. दोघांचे हार एकमेकांत अडकले. ते सोडवण्यात वेळ गेला. हार साहेबांच्या गळ्यात पडल्याबरोबर, आता सौंसरची टोपली आधी चढते की काय या धास्तीनं शेठ ओरडले, "किसन! टोपल्या!"

किसननं हाक दिली. "लाव रे हात!"

आणि रांग सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, विचारू नका. पहिली टोपली साहेबांच्या पायाशी ठेवली, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी वर. साहेब हसले, एक पाऊल मागे सरले. चौथी, पाचवी. आत घ्यायला माणूस नव्हता. रोज डब्यात हमाल असतात, ते आत लावत जातात. साहेबांच्या डब्यात हमाल कसे असणार? हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. टोपल्या दारातच रचल्या जाऊ लागल्या. साहेबांचे गुडघे दिसेनात, मग जोडलेले हात दिसेनात. मी ओरडून पहिलं वाक्य म्हटलं. ताशे थांबेनात. बाबा मागून म्हणत होते, "बोल सुमन, बोल!" मी दुसरं वाक्य म्हणायला लागले तेव्हा साहेबांचा फक्त चष्मा आणि कपाळ उरलं होतं. चष्मा माझ्याकडे वळला होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

बाबा रांगेत शिरले. "थांबा रे! किसन, थांबव!"

"गुरुजी, मधात नका येऊ जी, हात तुटन!" किसन न पाहताच ओरडला. त्याचं काय चुकलं? आयुष्यभर जे अंगात भिनलं तेच तो करत होता. बाबांना एका टोपलीचा धक्का लागला आणि ते खाली बसले. शिट्टी झाली. गाडी हलली. दार संत्र्यांनी गच्च भरलेलं आणि वरच्या फटीतून एक हात टाटा करत होता. काही संत्री घरंगळून रुळांवर पडली. तिसरं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

आमचे लोक हताश झाले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्याकडचे नाही. लोक आनंदानं ओसंडून चालले होते. किसन घाम पुसत म्हणाला, "एकबी टोपली खाली नाही राह्यली, शेठ." शेठ म्हणाले, "याले म्हणतेत स्वागत! नागपुरात झालं नसन असं." वकील लोधीखेडेवाल्यांना बाजूला घेऊन सांगत होते की दारातली सगळ्यात वरची टोपली सौंसरची होती. मग कोणाला तरी माझी आठवण झाली.

"पोरगी बोलली काय?"

"बोलली न. दुसऱ्या वाक्यापर्यंत गेली होती."

"बस्स, मंग पोचलं."

बाबा बाकावर बसून कोपरावरचं खरचटलेलं पाहत होते. घरी जाताना ते म्हणाले, "माह्यं चुकलं सुमन. टोपल्यायच्या आंधी तुले उभी कराले पाह्यजे होतं." शाळेतल्या पोरांच्या शुद्धलेखनापलीकडे कशालाही नावं न ठेवलेला माणूस तो. चूक साऱ्या मुलखाची, आणि पदरात त्यानं घेतली.

मी इतकी वेडी नाही की टोपल्या नसत्या तर नकाशा बदलला असता असं म्हणेन. तीन वाक्यांनी राज्यं हलत नाहीत. जिथं लोकांनी खूप आरडाओरडा केला तिथलंही पुष्कळ काही गेलं. पण निदान आम्ही मागितलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं, एवढं तरी आमच्या खात्यावर असतं. आम्हाला तर नकारसुद्धा मिळाला नाही. आवळा देऊन कोहळा काढायला निघालो होतो. कोहळा मागायचा राहिला आणि आवळे मात्र गाडीभर गेले.

पुढच्या दिवाळीच्या आसपास नवी राज्यं झाली. घरोघर आकाशदिवे लागले होते. सकाळची गाडी तशीच आली, तशीच नागपूरला गेली, पण आता ती परराज्यात जात होती. सौंसरचे वकील मग शिष्टमंडळ घेऊन भोपाळला गेले, वरातीमागून घोडे. त्यांना तिथं चहा मिळाला.

मी इंटर चांगल्या मार्कांनी पास झाले. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या खिडकीतल्या माणसानं माझे मार्क पाहिले आणि कौतुकानं मान हलवली. मग विचारलं, "जिल्हा?" मी सांगितला. "मग तुमचं राज्य वेगळं झालं, ताई. जबलपूरला जावं लागेल." वाईट नव्हता बोलायला. घरी बाबांनी माझा मार्कांचा कागद नीट घडी करून ठेवला. मग म्हणाले, "जबलपूरले कोन हाये आपलं?" कोणी नव्हतं. मावशी नागपुरात होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला, जिथं ओळखीचं दार नाही अशा शहरात ठेवण्याची हिंमत त्या काळच्या मास्तरात कुठून यावी? मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, सौंसरला शाळेत लागले आणि तीस वर्षं पोरांना हिंदीतून हृदयाचे कप्पे शिकवले. फळ्यावर काढलेलं हृदय. खरं हृदय ऐकायची नळी कधी कानाला लागली नाही.

गावानं काही फार मनावर घेतलं नाही. आम्ही अजूनही मराठीत भांडतो आणि हिंदीत अर्ज करतो. बाबांची शाळा हळूहळू आकसत गेली. आता तर पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, तेव्हा जुन्या शेठच्या नातवानं पेढे वाटले. आजोबांनी लढलेली लढाई शेवटी जिंकली म्हणून असेल. बाईडॉक्टर गावात आल्या, चांगल्या आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसते, तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहते. मत्सर वाटतो. या वयात वाटू नये, पण वाटतो.

नोकरीत असताना एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी मला भोपाळला पाठवलं होतं. समारोपाला एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून आले. गोरे, उंच, अतिशय अदबीचे. जेवताना ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं.

"पांढुर्णा!" त्यांचा चेहरा उजळला. "अरे, वो संतरे!"

तरुणपणी ते त्याच साहेबांच्या पदरी होते. त्याच डब्यात होते. टोपल्या इतक्या होत्या की इटारसीला हमालांना वाटल्या तरी दिल्लीपर्यंत पुरल्या, असं ते हसत हसत सांगू लागले. मग वाटीतलं दही बाजूला सारून म्हणाले, "उस दौरे में साहब बहुत परेशान थे, बहनजी. हर स्टेशन पर लोग कुछ न कुछ माँग रहे थे. कहीं नारे, कहीं काले झंडे. एक पांढुर्णा ही ऐसा मिला जहाँ किसी ने कुछ नहीं माँगा. साहब बोले, चलो, ये लोग तो खुश हैं."

हातातला घास मी ताटात परत ठेवला. समोरचे मास्तर माझ्याकडे पाहायला लागले. मी पाणी प्यायले.

"और एक लड़की थी," ते आठवून म्हणाले. "टोकरियों के पीछे खड़ी स्वागत-गीत गा रही थी. मराठी में था, समझ में तो नहीं आया. आपको याद है, कौन-सा गीत था?"

ताट घेऊन भिंतीवर आपटावं असं मला वाटलं. त्यांच्यावर नव्हे. शेठवर, वकिलावर, लोधीखेड्याच्या त्या बैलगाडीवर, फलाटावर टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकावर. पण ते माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होते, आणि भोवती सगळे सुशिक्षित लोक जेवत होते.

मी म्हटलं, "नहीं साहब, याद नहीं."